मेच्या सुट्टीत झांबेझीवर राफ्टिंग: पाणी, वय आणि पोहणं याबद्दल नेमकी माहिती हवी

भटकभवानी

झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया फॉल्सला जायचं ठरतंय, मेचा दुसरा आठवडा. चौघं आहोत: दोघं पन्नाशीच्या आसपासचे, मुलगी १७ वर्षांची, मुलगा १३. दोघांना पोहता येतं, दोघांना नाही. एकाला जाड भिंगाचा चष्मा. धबधब्याखालच्या दरीतलं राफ्टिंग हे मुख्य आकर्षण. मेमध्ये ते चालू असतं का? पोहता न येणाऱ्यांनी जावं का? आणि झांबेझी झेपणारी नसेल तर आफ्रिकेत दुसरी कुठली नदी? "खूप मजा येते, नक्की जा" असे प्रतिसाद खूप वाचून झालेत, त्यामुळे कृपया तपशील द्या.

पाणलोट

तारीख मेचीच असेल तर उत्तर लहान आहे: झांबेझीवर राफ्टिंगसाठी मे हा जवळजवळ सगळ्यात वाईट महिना.

कारण असं. तिथे पाऊस पडतो नोव्हेंबर ते मार्च, पण धबधब्याशी पूर येतो एप्रिलच्या सुमारास. अंगोला आणि वायव्य झांबियात पडलेलं पाणी वाटेत बारोत्सेच्या सपाट पूरमैदानात पसरतं आणि तिथून सावकाश निथळत खाली येतं. आकाश निरभ्र, गवत वाळायला लागलेलं आणि नदी मात्र तुडुंब, असं चित्र असतं. एप्रिलच्या सुमाराला सरासरी प्रवाह सेकंदाला ३,००० घनमीटरच्या आसपास जातो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो ३०० पर्यंत उतरतो. सुमारे १,७०० मीटर रुंद कड्यावरून पडणारं हे सगळं पाणी खाली एका अरुंद दरीतून जातं. त्यामुळे दरीतली पातळी कित्येक मीटरने वरखाली होते, आणि पातळी बदलली की नदीच वेगळी होते.

कंपन्यांचं वेळापत्रक यावरच चालतं. साधारण ऑगस्ट ते डिसेंबर 'लो वॉटर', म्हणजे धबधब्याच्या पायथ्याशी बॉइलिंग पॉट नावाच्या खवळत्या डोहाजवळून सुरुवात आणि पहिल्या रॅपिडपासूनचा (रॅपिड म्हणजे उतारावर खडकांमधून उसळत जाणारा पाण्याचा टप्पा, त्यांना क्रमांक दिलेत) पूर्ण पट्टा. जानेवारी-फेब्रुवारीपासून पाणी चढतं तसे वरचे दहा रॅपिड बंद होतात आणि अकराव्याच्या आसपासून पुढचा छोटा पट्टा करतात, हे 'हाय वॉटर'. पूर शिगेला असताना, बहुतेक एप्रिल-मेमध्ये, काही आठवडे सगळंच बंद. जून-जुलैत पुन्हा 'हाय वॉटर'. हे महिने दरवर्षी थोडे सरकतात. झांबेझी रिव्हर अथॉरिटी धबधब्याजवळचा रोजचा प्रवाह जाहीर करते. बुकिंगआधी आठवडाभर ते आकडे बघा, ब्रोशरपेक्षा खरे असतात.

जास्त पाणी म्हणजे जास्त थरार, हा हिशेब इथे चालत नाही. पूर असताना खडक बुडतात, लाटा लांब आणि गोलसर होतात आणि बरेच रॅपिड सपाट वाटतात. पण भोवरे आणि तळातून उसळणारे पाण्याचे फुगवटे वाढतात, त्यात पडलेल्या माणसाला बराच वेळ वर येता येत नाही. कमी पाण्यात लाटा उभ्या, टोकदार आणि अंगावर कोसळणाऱ्या असतात, राफ्टही जास्त उलटतात. पण नदीची ठेवण 'रॅपिड, मग डोह, मग रॅपिड' अशी आहे, त्यामुळे पडलेला माणूस थोड्या वेळात शांत पाण्यात बाहेर फेकला जातो. १९८१ मध्ये सोबेक या अमेरिकन साहससहल कंपनीच्या मोहिमेने ही दरी राफ्टने पहिल्यांदा पार केली, आणि नंतर इथे पर्यटकांचं राफ्टिंग रुजलं ते या डोहांच्या जिवावर.

लो वॉटरमधले लक्षात ठेवायचे रॅपिड: पाचवा (स्टेअरवे टू हेवन) सरळ उतारावरून पडणारा. सातवा (गलिव्हर्स ट्रॅव्हल्स) लांब आणि किचकट, यात गाइडचं कसब दिसतं. आठव्याला तीन वाटा आहेत, सोपी ते हमखास उलटवणारी, आणि कोणती घ्यायची ते बहुतेक गाइड राफ्टमधल्यांना विचारतात. पोहता न येणारे सोबत असतील तर तिथेच तोंड उघडा, संकोच करू नका. नववा (कमर्शियल सुइसाइड) पर्यटकांना करू देत नाहीत. सगळे उतरून काठाने चालतात आणि रिकामी राफ्ट गाइड खाली नेतात. अठरावा (ऑब्लिव्हियन) तीन लाटांचा, राफ्ट उलटते ती तिसऱ्या लाटेवर.

उलटंवल्हं

वरच्या प्रतिसादात एक भर. दिवाळीच्या सुट्टीत हलवता येत असेल तर हलवाच, ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे नेमकं लो वॉटर. पण त्याची किंमत आहे: तेव्हा झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडलेला असतो, मुख्य धार बघायला झिम्बाब्वेच्या बाजूला जावं लागतं. मेमध्ये उलट, धबधबा इतका भरात की तुषारांच्या धुक्यात समोरचं पाणीच दिसत नाही. भरलेला धबधबा आणि पूर्ण राफ्टिंग एकाच सहलीत मिळत नाही. मधला मार्ग हवा असेल तर जुलैअखेर ते ऑगस्ट.

दुसरं, दरी उतरणं-चढणं. याबद्दल कोणी नीट सांगत नाही आणि बरेच जण नदीऐवजी इथेच दमतात. कातळ आपल्या सह्याद्रीसारखाच, काळा बेसॉल्ट. ऑक्टोबरमध्ये हवा चाळिशीला टेकते आणि दगडावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. शेवटची चढण दोनशे मीटरच्या आसपास, काही ठिकाणी लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या आणि शिड्या. धडधाकट माणसाला पाऊण तास, पन्नाशीच्या आणि व्यायाम नसलेल्याला तास-सव्वातास, तेही पाच तास वल्हं मारल्यावर. काही कंपन्यांची बाहेर पडायची जागा अशी आहे की वर यायला केबल लिफ्ट मिळते. 'वर कसं येणार?' हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. घोटा मुरगळणं हे पाण्यातल्यापेक्षा या वाटेवर जास्त होतं. नवव्या रॅपिडला खडकांवरून चालतानाही तेच, म्हणून मागे पट्टा असलेले किंवा लेसचे बूटच घाला. साध्या चपला पहिल्याच रॅपिडमध्ये झांबेझीला अर्पण होतात.

नदी ही दोन देशांची सीमा आहे, पण सहल ज्या काठावरून सुरू होते त्याच काठावर संपते, त्यामुळे राफ्टिंगसाठी दुसऱ्या देशाचा व्हिसा लागत नाही. झांबियाच्या बाजूच्या लिव्हिंगस्टनमध्ये राहून झिम्बाब्वेच्या कंपनीकडे बुकिंग केलं तर मात्र सीमा ओलांडावी लागेल. दोन्ही देशांसाठी ५० डॉलरचा काझा युनिव्हिसा आहे. तुमच्या पासपोर्टला तो मिळतो का ते निघण्याआधी बघा. राफ्टिंगचे दर डॉलरमध्येच असतात. त्यात पार्क फी धरली आहे का ते विचारून घ्या, बऱ्याचदा ती काठावर वेगळी मागतात.

भटकभवानी

दोघांचेही आभार. दिवाळीत हलवायचा प्रयत्न करते. आता पोहता न येण्याबद्दल कोणी सांगेल का? आणि १३ वर्षांच्या मुलाचं काय करायचं?

खळाळ

पोहण्याबद्दल. काही कंपन्या पोहता न येणाऱ्यांना घेतात, काही नाही. फॉर्मवर खोटं लिहू नका, कारण गाइड त्या माहितीवरून कोणाला कुठे बसवायचं आणि कोणती वाट घ्यायची ते ठरवतो. पाचव्या श्रेणीच्या पाण्यात (रॅपिडची अवघडता एक ते सहा अशा श्रेणींत मोजतात) तलावातलं पोहणं फारसं कामाला येत नाही, तुम्हाला तरंगवतं ते लाइफ जॅकेट. खरा प्रश्न वेगळा आहे: तोंडावर पाणी आलं, दोन-चार सेकंद डोकं पाण्याखाली गेलं की माणूस घाबरून हातपाय झाडतो का? झाडत असेल तर झांबेझी नको. हे घरबसल्या ठरत नाही. आधी एखाद्या तरणतलावात, प्रशिक्षकासमोर, जॅकेट घालून पाण्यात पडायचं आणि पाठीवर तरंगून काठाला यायचं. एवढं शांतपणे जमलं तर पुढचं बोलू.

पोहता न येणाऱ्यांसाठी 'ओअर राफ्ट' मागा. त्यात मधोमध लोखंडी चौकटीवर बसून गाइड एकटाच दोन लांब वल्ह्यांनी राफ्ट चालवतो, बाकीच्यांनी फक्त घट्ट धरून बसायचं. नेहमीच्या 'पॅडल राफ्ट'मध्ये सहा ते आठ जण वल्ही मारतात आणि एकाने घाबरून हात थांबवला की राफ्ट लाटेत आडवी होते.

जॅकेट. साध्या नदीवरच्या जॅकेटची तरंगवण्याची ताकद सुमारे ७ किलो असते, मोठ्या पाण्याच्या जॅकेटची सुमारे १०. झांबेझीवर हे १० किलोवालंच हवं. बकलं खालून वर आवळत या. मग कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर खेचायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. श्वास घ्यायला किंचित त्रास होईल इतकं घट्ट हवं, कारण भिजल्यावर ते सैल पडतं. हेल्मेट कपाळ झाकेल असं. मागे सरकलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं, बाकी उपयोग नाही.

आता जखमा कशाने होतात ते. सर्वात नेहमीची म्हणजे वल्ह्याच्या वरच्या टोकाला जी आडवी मूठ असते ती शेजाऱ्याच्या तोंडावर बसणं. दात पडतात. त्या मुठीवरचा हात काहीही झालं तरी सोडायचा नाही. राफ्ट उलटताना वल्हं सोडावंसं वाटलं तरी मूठ हातात ठेवा. दुसरी, खांदा निखळणं. राफ्टभोवतीचा दोर हात लांब ताणून किंवा पाठीमागे नेऊन धरला की लाटेचा झटका थेट सांध्यावर येतो. दोर धरताना कोपर वाकलेलं आणि अंगाजवळ ठेवा. तिसरी पायाची: आधारासाठी पाऊल राफ्टच्या फुगीर आडव्या नळीखाली सरकवायचं असतं, पण फक्त पुढचा भाग. घोट्यापर्यंत ठोकून बसवलं तर उलटताना पाय अडकतो.

हुकूम इंग्रजीतच असतात, ते सुरुवातीला सुरक्षेच्या सूचना देतात तेव्हा नीट ऐका. 'गेट डाउन' म्हणजे राफ्टच्या तळात बसायचं, वल्हं उभं, एक हात मुठीवर, दुसरा दोरावर. 'हाय साइड' सगळ्यात महत्त्वाचा आणि मनाला पटायला अवघड: राफ्ट आडवी होऊन एक कडा वर उचलली जाते तेव्हा सगळ्यांनी त्या वर गेलेल्या कडेवर अंग झोकायचं. माणूस आपोआप खालच्या बाजूला घसरतो, वजन तिथेच जातं आणि राफ्ट उलटते.

पाण्यात पडलात तर:

पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, गुडघे किंचित वाकवलेले, पावलं पाण्याच्या वर. खडक आला तर तो पायाने ढकलता येतो. श्वास लाटेच्या माथ्यावर नाही, दोन लाटांमधल्या खळग्यात घ्यायचा. माथ्यावर फेस असतो आणि तोच नाकातोंडात जातो. राफ्टखाली सापडलात तर दोन्ही हात वर तळाला लावून एकाच दिशेने 'चालत' बाहेर या. दिशा बदलत राहिलात तर तिथेच फिरत राहाल. बाहेर आल्यावर दोर धरा, पण प्रवाह येतो त्या बाजूला, राफ्टच्या मागे राहून. राफ्ट आणि पुढचा खडक यांच्यामध्ये कधीही राहू नका, भरलेली राफ्ट खडकावर दाबते तेव्हा मधल्या माणसाला जागाच उरत नाही. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, गुडघाभर असलं तरी. पाऊल दोन दगडांत अडकलं आणि प्रवाहाने पाठीत रेटा दिला की माणूस तोंडावर पडतो आणि उठता येत नाही.

काठावरून किंवा राफ्टमधून फेकलेला दोर पकडताना तो मनगटाला किंवा हाताला गुंडाळू नका. दोर एका खांद्यावर, दोन्ही हात छातीशी, पाठीवर झोपलेले, चेहरा आकाशाकडे. पोटावर झोपून धरला तर पाणी सरळ तोंडावर आदळतं. आणि मदतीला सोबत असलेल्या ज्या कयाकवाल्याकडे (छोट्या एकट्याच्या होडीतला) तुम्ही जाल त्याच्या कयाकचं पुढचं किंवा मागचं टोक धरा, त्याला मिठी मारू नका. तोही उलटतो.

पाणलोट

खळाळ यांनी बहुतेक सगळं सांगितलंय. कंपनीला विचारायचं म्हणजे एवढं: तुमच्या गटाबरोबर सेफ्टी कयाक (पडलेल्यांना उचलणाऱ्या छोट्या होड्या) किती, मधेच कोणी जखमी झालं तर दरीतून बाहेर काढायची वाट कुठून, हेलिकॉप्टर लागलं तर पैसे कोण भरणार. तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरी कंपनी बघा, लिव्हिंगस्टन आणि व्हिक्टोरिया फॉल्स गावात तोटा नाही.

मगरींबद्दल विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच. दरीत मगरी आहेत, बहुतेक लहान. खवळलेल्या पाण्यात त्या नसतात. शांत डोहांत मात्र 'पोहूया का' हे गाइडला विचारल्याशिवाय उडी मारू नका. धबधब्याच्या वरची झांबेझी हा पूर्णपणे वेगळा मामला, तिथे पाणघोडे आणि मोठ्या मगरी दोन्ही आहेत, आणि तिथे राफ्ट नाही, कनू (वल्ह्यांची लांबट अरुंद होडी) चालते.

काठावरचा

१३ वर्षांच्या मुलासाठी. झांबेझीच्या दरीत १५ किंवा १६ वर्षांखाली घेत नाहीत, कंपनीप्रमाणे बदलतं. घेणारी कंपनी सापडलीच तर तिच्यापासून लांब राहा.

मुलाला घेऊन जायचं असेल तर ऑरेंज नदी. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया यांच्या सीमेवरून, रिख्टर्सफेल्डच्या उघड्या डोंगरांमधून वाहते. चार ते सहा दिवस, दोघादोघांच्या कनू किंवा फुगवलेल्या बोटी, रात्री वाळूच्या काठावर मुक्काम. रॅपिड बहुतेक पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचे. या खालच्या पट्ट्यात मगर नाही आणि पाणघोडाही नाही. नोर्डूव्हर-फिओल्सड्रिफ या सीमेवरच्या ठिकाणाहून सुरुवात होते. वर खारीप आणि वंडरक्लूफ ही धरणं असल्याने पाणी वर्षभर असतं, पण जानेवारी ते मार्चमध्ये कधी पूर येतो आणि तिथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) सावली शोधून सापडत नाही. रात्रीच्या मुक्कामाचं सामान पाणबंद डब्यांत भरतात. पिण्याचं पाणी किती न्यायचं ते आयोजकाला विचारा, कारण वाटेत दुकान नाही.

एक दिवसच हवा असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात क्लेरेन्सजवळची अॅश नदी. लेसोथोच्या डोंगरातलं पाणी बोगद्यांतून या नदीत सोडतात, म्हणून पावसाशी संबंध नाही. अरुंद, थंड, वेगवान, तिसरी-चौथी श्रेणी. पण बोगदे देखभालीसाठी बंद झाले की नदीच बंद: ऑक्टोबर २०२४ पासून सहा महिने तसंच झालं. आधी फोन करा.

उलटंवल्हं

युगांडाचं नाव कसं आलं नाही? जिंजाजवळची व्हाइट नाइल. पाणी कोमट, पात्र रुंद आणि खोल, आणि व्हिक्टोरिया सरोवरातून येत असल्याने ऋतूची चिंता नाही, मेमध्येही जाता येतं. कठीण पट्टा पाचव्या श्रेणीचा, आणि त्याच नदीवर शांत पाण्याची कौटुंबिक फेरीही मिळते, तेव्हा घरच्यांनी दोन गट करावेत. पडलं तर खडक लागण्याची शक्यता झांबेझीपेक्षा कमी, खोली जास्त आहे.

फक्त जुने लेख वाचून जाऊ नका. बुजागालीचं धरण २०१२ मध्ये सुरू झालं आणि बुजागाली धबधबा पाण्याखाली गेला. २०१९ मध्ये इसिम्बा धरण आलं आणि खालच्या पट्ट्यातलेही काही रॅपिड गेले. इटांडा हा रॅपिड शिल्लक आहे. त्याचा मुख्य भाग सहाव्या श्रेणीचा, तो काठाने चालून पार करतात आणि खालच्या टोकाला पुन्हा पाण्यात उतरतात. "सध्या कोणकोणते रॅपिड करता?" असं विचारा आणि नावं मागा. झांबेझीवरही बटोका धरणाचा आराखडा आहे, २,४०० मेगावॅटचा, धबधब्याच्या सुमारे ५० किलोमीटर खाली. ते झालं तर दरीतले बरेच रॅपिड जलाशयात जातील.

काठावरचा

युगांडा सुचवताय तर अर्धी गोष्ट राहिली. पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र देशात शिरायलाच लागतं, आणि परतताना भारतात उतरल्यावरही मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं, नंतर जन्मभर चालतं. ते नसेल तर विमानतळावर विलगीकरणात बसावं लागू शकतं.

गोळीपाणी

औषधांबद्दल, कारण राफ्टिंगवाले हे विसरतात.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या तिन्हीचारी ठिकाणांना सारख्या लागू नाहीत, डॉक्टरांशी बोला. पण एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा की दिवसभर उघड्या पाण्यावर असणार आहोत. त्यातल्या डॉक्सिसायक्लिन या गोळीने त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते, आणि नदीवर ऊन वरून आणि पाण्यावरूनही लागतं. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलला ती अडचण नाही; ती जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात.

व्हाइट नाइल आणि व्हिक्टोरिया सरोवर म्हणजे बिल्हार्झिया या कृमींच्या आजाराचा पट्टा. गोगलगाईतून पाण्यात आलेल्या कृमींच्या सूक्ष्म अळ्या त्वचेतून आत शिरतात, त्यामुळे पाणी गिळलं नाही तरी लागण होते. संथ, गवताळ काठाला धोका जास्त. लगेच तपासणी करून उपयोग नाही, साधारण दोन महिन्यांनी करतात. औषध प्राझिक्वान्टेल, डॉक्टरच्या सांगण्यावरून.

सनस्क्रीन कुठे राहतं ते बघा: बसून वल्हं मारताना मांडीचा वरचा भाग, गुडघे आणि पायाचा वरचा भाग सतत उन्हात असतो, आणि तिथेच कोणी लावत नाही. कपाळाला लावू नका, घाम आणि पाण्याबरोबर डोळ्यांत उतरतं. तळहात पुसून घ्या, नाहीतर वल्हं निसटतं.

भटकभवानी

नवरा म्हणतोय चष्म्याशिवाय काही दिसत नाही, मग जायचंच कशाला. आणि विमा नेमका कोणता घ्यायचा?

खळाळ

चष्मा: मागून दोरीने आवळायचा, आणि ती दोरी हेल्मेटखाली घट्ट बसली पाहिजे. नुसती गळ्यात अडकवायची दोरी नको. चष्मा नाकावरून उडाला की तीच दोरी गळ्याशी खेळते. जुना, काचेऐवजी प्लास्टिकच्या भिंगाचा चष्मा घाला, चांगला गाडीत ठेवा. लेन्स घालत असतील तर एक दिवस वापरून टाकायच्या घ्या, कारण नदीचं पाणी लेन्सखाली गेलं तर ती त्याच दिवशी टाकून द्यायची.

विमा: साध्या प्रवास विम्यात राफ्टिंग बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या श्रेणीपर्यंतच धरलेलं असतं किंवा मुळीच नसतं. पॉलिसीत 'व्हाइट वॉटर राफ्टिंग' आणि श्रेणी लिहिलेली हवी, साहसी खेळांचं वेगळं कलम घ्यावं लागेल. वैद्यकीय स्थलांतराची रक्कम वेगळी बघा, दरीतून हेलिकॉप्टर आणि तिथून मोठ्या शहरातलं रुग्णालय हे दोन टप्पे आहेत. विमा कंपनीकडून ई-मेलवर लेखी होकार घ्या. आणि काठावर जो फॉर्म सही करायला देतात तो सगळा वाचा. राफ्टिंग कंपनीची जबाबदारी कुठे संपते ते त्यात लिहिलेलं असतं, आणि गाडीतून उतरल्यावर घाईत कोणी वाचत नाही. आदल्या संध्याकाळीच मागवून घ्या, बहुतेक कंपन्या पाठवतात.